विमान कंपनी बंद पडते तेव्हा: वैमानिकांसाठी देशातल्या आणि परदेशातल्या वाटा

नांदेडला सासर किंवा माहेर असलेल्या आपल्या मंडळातल्या अनेक घरांना २७ एप्रिल २०१७ हा दिवस आठवत असेल. 'उडान' योजनेतलं नांदेड–हैदराबाद विमान त्या दिवशी सुरू झालं. रेल्वेत पाच-सहा तास काढणारी मंडळी तासाभरात शमशाबादला उतरू लागली. हे विमान चालवणारी ट्रूजेट ही आपल्या हैदराबादचीच कंपनी. जुलै २०१५ मध्ये तिने एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानांवर सेवा सुरू केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची उड्डाणं थांबली. आपण थोडे हळहळलो आणि पुन्हा रेल्वेचं तिकीट काढलं. पुढे स्टार एअरने याच मार्गावर विमान सुरू केलं, तेव्हा हळहळही संपली.

प्रवाशाला दुसरं विमान मिळतं. पण बंद पडलेल्या विमानात पुढच्या दोन खुर्च्यांवर बसणाऱ्यांचं काय होतं?

मी या क्षेत्रातला नाही. बी.ई. झालो आणि गेली बारा वर्षं गच्चीबावलीत सॉफ्टवेअरचं काम करतो. पण आमच्या घरात एक वैमानिक आहे, माझा आतेभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्याची कंपनी बंद पडली (कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही). तेव्हा त्याच्याबरोबर बसून मी या विषयाची बरीच माहिती गोळा केली. गेल्या वर्षभरात मंडळातल्या तीन पालकांनी मला 'मुलाला पायलट करावं का?' असं विचारलं. त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र मांडतो आहे.

ही पहिली वेळ नाही

जुन्या हैदराबादकरांना डेक्कन एअरवेज हे नाव माहीत असेल. निजामाच्या राज्यात १९४५ साली स्थापन झालेली ही कंपनी बेगमपेटहून डकोटा विमानं चालवायची. १९५३ साली सरकारने विमान वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण केलं आणि डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. कंपनीचं नाव गेलं, पण तिची माणसं नव्या संस्थेत सामावली गेली.

१९९० च्या दशकात खासगी कंपन्या आल्या आणि ही हमी संपली. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नावं आता फक्त आठवणीत आहेत. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला उतरलं. गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं बंद केली. म्हणजे साधारण तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत वैमानिकाला अशी वेळ एकदा तरी येऊ शकते, हे गृहीत धरूनच चालायला हवं.

आपली नोकरी आणि त्यांची नोकरी

आमच्या क्षेत्रातही कपात होते. एका ईमेलवर टीमच्या टीम घरी जातात. पण दादाचं पाहिल्यावर लक्षात आलं की वैमानिकाची नोकरी जाणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे कौशल्य विमानाच्या जातीशी बांधलेलं असतं. एअरबस ए३२० चालवणारा वैमानिक उद्या बोईंग ७३७ चालवू शकत नाही. त्यासाठी टाइप रेटिंग हे वेगळं प्रशिक्षण लागतं. ते काही आठवड्यांचं असतं आणि स्वतः भरायचं तर खर्च लाखांत जातो. मी जावा सोडून पायथॉन शिकलो तेव्हा माझा खर्च इंटरनेटच्या बिलाएवढा होता.

दुसरं कारण असं की हे कौशल्य नाशवंत आहे, निदान कागदावर तरी. मागच्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नसतील तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि ठरावीक काळाने होणारी प्रवीणतेची तपासणी यांच्या मुदती असतात, क्लास वन वैद्यकीय तपासणीची मुदत वेगळी. नोकरीत असताना कंपनी हे सगळं सांभाळते. नोकरी गेली की सगळ्या मुदतींची घड्याळं एकदम टिकटिकायला लागतात आणि खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

तिसरं कारण ज्येष्ठता. आम्ही कंपनी बदलली की पगार वाढतो. वैमानिकाने कंपनी बदलली की तो बहुधा नव्या कंपनीच्या ज्येष्ठता यादीत तळाशी जातो. कोणतं विमान, कुठला बेस, कॅप्टन केव्हा होणार, दिवाळीला सुट्टी मिळणार का, हे सगळं या यादीवर ठरतं. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस तिशीतल्या कॅप्टनच्या उजव्या बाजूला सह-वैमानिक म्हणून बसतो, असं चित्र जगभर दिसतं.

टंचाई आणि बेकारी एकाच वेळी

'पेपरात तर पायलट कमी आहेत असं येतं, मग तुझ्या भावाला नोकरी का नाही?' हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, इंडिगोची विमानं कशी रद्द झाली, हे आपल्यापैकी काहींनी शमशाबादच्या टर्मिनलमध्ये बसून अनुभवलं. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या कामावर मर्यादा आल्या. त्यात वेळापत्रक कोलमडलं.

पण ही टंचाई मुख्यतः विशिष्ट विमानावरच्या अनुभवी कॅप्टनची आहे. दुसऱ्या टोकाला नुकतेच परवाना घेतलेले तरुण आहेत. २०२३ साली डीजीसीएने १६०० हून अधिक व्यावसायिक परवाने दिले. २०० तास उड्डाण केलेल्या या मुलांना पहिली नोकरी मिळणं हीच मोठी अडचण आहे. त्यामुळे कंपनी बंद पडते तेव्हा कॅप्टन लवकर सावरतो आणि चारशे-पाचशे तासांचा सह-वैमानिक सगळ्यात जास्त अडकतो. नव्या मुलांच्या गर्दीतून तो जेमतेम बाहेर पडलेला असतो आणि अनुभवींच्या रांगेत अजून पोचलेला नसतो.

देशातले पर्याय

सर्वात सरळ वाट म्हणजे त्याच जातीचं विमान चालवणारी दुसरी कंपनी. जेट बंद पडल्यावर तिच्या ताफ्यातली काही बोईंग ७३७ विमानं स्पाइसजेट आणि विस्ताराने घेतली. विमानांबरोबर ती चालवणाऱ्या काही माणसांनाही काम मिळालं. इथे वेग महत्त्वाचा, कारण एकाच वेळी शेकडो जण अर्ज करत असतात.

दुसरी वाट मालवाहतुकीची. ब्लू डार्टची विमानं अनेक वर्षं रात्री पार्सलं घेऊन उडताहेत. जानेवारी २०२३ मध्ये अॅमेझॉनने आपली हवाई मालसेवा हैदराबादहूनच सुरू केली. विमानं बोईंग ७३७-८०० आणि चालवणारी कंपनी क्विकजेट. रात्रीचं काम अंगवळणी पाडावं लागतं, पण परवाना आणि तास दोन्ही जिवंत राहतात.

तिसरी वाट चार्टर आणि एअर अॅम्ब्युलन्सची. उद्योगसमूहांची छोटी जेट विमानं, निवडणुकीच्या हंगामातली धावपळ, लहान गावातून मोठ्या शहरात रुग्ण नेणारी विमानं ही सगळी यात येतात. फोन केव्हाही येतो, वेळापत्रक नावाची गोष्ट नसते. मोठ्या विमानावरून इथे यायचं तर पुन्हा टाइप रेटिंग लागतं.

चौथी वाट शिकवण्याची. हिच्याकडे लोक कमीपणाने पाहतात, पण ती मला सर्वात दुर्लक्षित आणि चांगली वाटली. उड्डाण प्रशिक्षकांची देशात गरज आहे. आपल्याकडे बेगमपेटला तेलंगणाची एव्हिएशन अकादमी आहे. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी, बारामती, धुळे आणि नागपूर इथे प्रशिक्षण चालतं किंवा चालत आलं आहे. प्रशिक्षकाचं वेगळं रेटिंग लागतं. ज्यांना लहान विमानाकडे परत जायचं नाही त्यांच्यासाठी सिम्युलेटर प्रशिक्षकाचं काम असतं. यात हैदराबाद भाग्यवान आहे. इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या इथल्या सेंट्रल ट्रेनिंग एस्टॅब्लिशमेंटच्या सिम्युलेटरवर तयार झाल्या.

पाचवी वाट जमिनीवरची. डीजीसीए अनुभवी वैमानिकांना फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर म्हणून कंत्राटावर घेतं. विमान कंपन्यांचे सुरक्षा विभाग, उड्डाण नियंत्रण कक्ष आणि विमा क्षेत्रातही जागा निघतात. शिवाय आमच्या शहरातच हनीवेल आणि कॉलिन्स एअरोस्पेसची मोठी अभियांत्रिकी केंद्रं आहेत. कॉकपिटमधल्या पडद्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या इंजिनीअरने बहुधा कॉकपिट आतून पाहिलेलं नसतं. 'हा इशारा या क्षणी वाजला तर पायलट काय करेल?' याचं उत्तर ज्याने तो इशारा ऐकला आहे तोच देऊ शकतो. अशा जागा थोड्या असतात आणि जाहिरातीतून क्वचित कळतात. आपल्यापैकी जे तिथे काम करतात त्यांनी कान उघडे ठेवले तर एखाद्या घराला मदत होईल.

ड्रोनचाही उल्लेख करतो, कारण सगळे तोच सल्ला देतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर प्रशिक्षण संस्था वाढल्या आहेत. मात्र ड्रोनचा परवाना दहावी पास व्यक्तीही घेऊ शकते. त्यामुळे कॅप्टनने ड्रोन उडवण्याची नोकरी धरण्यात फारसा अर्थ नाही. प्रशिक्षण संस्था चालवणं किंवा तिथे सुरक्षिततेची शिस्त आणणं यात अर्थ आहे.

परदेशातले पर्याय

इथे पहिला गैरसमज दूर करू. भारतीय परवाना आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दिलेला असला तरी तो घेऊन थेट कुठेही विमान चालवता येत नाही. प्रत्येक देश एकतर आपल्या परवान्याला तात्पुरती मान्यता देतो किंवा परीक्षा घेऊन तो बदलून देतो.

आखाती देश सर्वात ओळखीचे. एमिरेट्स, कतार एअरवेज आणि एतिहाद परदेशी वैमानिकांच्या जिवावरच मोठ्या झाल्या. पगारावर वैयक्तिक आयकर नाही, घराची आणि मुलांच्या शाळेची सोय बहुधा असते आणि हैदराबादहून चार तासांचं अंतर. पण तिथे बहुतेकांना आधी सह-वैमानिक म्हणूनच जावं लागतं.

व्हिएतनामसारख्या आग्नेय आशियातल्या देशांत वाढत्या कंपन्या ठरावीक मुदतीच्या करारावर परदेशी कॅप्टन घेतात. काही करारांत काही आठवडे सलग काम आणि मग घरी सुट्टी अशी पद्धत असते. कुटुंब इथेच राहू शकतं. करार संपला की मात्र पुन्हा शोध सुरू.

युरोपचा परवाना हवा तर लेखी परीक्षाच तेरा. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचा परवानाही वेगळा झाला. अमेरिकेत परवाना बदलून घेणं त्यामानाने सोपं, पण तिथे काम करण्याचा हक्क मिळणं कठीण. सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीची असलेली एच-१बीची वाट वैमानिकांना सहसा खुली नसते. पती किंवा पत्नीमुळे ग्रीन कार्ड मिळणार असेल तर गोष्ट वेगळी.

आणि परदेशाची एक दुसरी बाजूही आहे. २०२० साली महासाथीत विमानं थांबली तेव्हा आखाती कंपन्यांनीही हजारो लोकांना घरी पाठवलं. तिथे नोकरी गेली की व्हिसाही जातो. घर, शाळा, गाडीचं कर्ज सगळं थोड्या दिवसांत आवरून निघावं लागतं. देशात नोकरी गेली तर निदान छप्पर आपलं असतं.

आमच्या घरातला हिशेब

दादाची कंपनी बंद पडली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता आणि कॅप्टन होता. काही महिन्यांचा पगार अडकलेला. वहिनी इथे एका बँकेत, मुलगी नववीत, आत्या नांदेडला एकटी. पहिले तीन आठवडे तो सोसायटीच्या लिफ्टने जातच नव्हता. 'काय कॅप्टन, सुट्टीवर का?' हा प्रश्न टाळण्यासाठी सहा मजले जिना चढायचा.

दोन महिन्यांनी त्याच्यासमोर तीन पर्याय होते. आखातात सह-वैमानिकाची जागा, आग्नेय आशियात दोन वर्षांचा कॅप्टनचा करार आणि इथे हैदराबादेत सिम्युलेटर प्रशिक्षकाचं काम, जुन्या पगाराच्या निम्म्याहून कमी पैशात. आम्ही एक्सेलमध्ये तक्ता केला. पगार, कर, शाळेची फी, इथल्या घराचा हप्ता, वहिनीची सुटणारी नोकरी, सगळं मांडलं. आखात पैशात सहज जिंकत होतं, पण वहिनीचा पगार आणि पेन्शन वजा केल्यावर फरक निम्मा झाला. मग मुलीने विचारलं, 'माझी दहावी कुठल्या कॉलममध्ये आहे?' त्यासाठी कॉलम नव्हता.

आत्याला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, 'विमान उडवलं नाहीस म्हणून तू काही कमी होत नाहीस. पण माझ्यासाठी थांबलास असं पुढे कधी म्हणू नकोस.' त्या वाक्याने दादाचा निर्णय उलट सोपा झाला. आईसाठी थांबतोय असं म्हणायची सोय राहिली नाही. स्वतःला काय हवंय ते ठरवणं भाग पडलं.

तो इथेच राहिला. चौदा महिने तरुण पोरांना अंधाऱ्या सिम्युलेटरमध्ये इंजिनाला लागलेल्या आगी विझवायला शिकवल्या. वैद्यकीय तपासणी आणि रेटिंगच्या मुदती स्वतःच्या खर्चाने सांभाळल्या. नंतर दुसऱ्या एका भारतीय कंपनीत जागा निघाली तेव्हा त्याचे कागद तयार होते, म्हणून तो लवकर रुजू झाला. बेस दिल्लीचा मिळाला. महिन्यातून दोनदा घरी येतो. त्याच्याबरोबरचा एक मित्र आखातात गेला, तोही समाधानी आहे. कोणाचा निर्णय बरोबर, हे तक्त्यातून निघत नाही. पण तक्ता केला नसता तर दोघांनीही घाबरून जे पहिलं आलं ते धरलं असतं.

पहिल्या महिन्यात काय करावं

अशी वेळ कोणावर आलीच तर दादाच्या अनुभवावरून काही गोष्टी:

१. कंपनीकडून उड्डाण तासांचा प्रमाणित दाखला, प्रशिक्षणाच्या नोंदी आणि सेवामुक्तीचं पत्र ताबडतोब मिळवा. कार्यालयात माणसं आहेत तोवरच हे होतं. लॉगबुक पूर्ण करून त्याची प्रत काढून ठेवा.

२. परवाना, वैद्यकीय, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, इंग्रजी प्रावीण्य आणि पासपोर्ट या सगळ्यांच्या मुदती एका कागदावर लिहून फ्रीजवर लावा. सर्वात आधी संपणारी मुदत आधी वाचवा.

३. नियमांप्रमाणे सह-वैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. कंपनी डळमळीत असतानाच हा प्रश्न येतो. थांबायचं की निघायचं, हे वकिलाला विचारून ठरवा, व्हॉट्सअॅप ग्रुपला विचारून नको.

४. थकलेल्या पगारासाठी दिवाळखोरी प्रक्रियेत ठरलेल्या मुदतीत दावा दाखल करा. कायद्याच्या क्रमात तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांची देणी आधी येतात. इतर कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांपर्यंतचा पगार त्यानंतर. त्यामुळे दावा जरूर करा, पण त्या पैशावर घराचा हप्ता आखू नका.

५. परवाना गमावल्याचा विमा असतो, तो आजारपणामुळे परवाना गेला तर. कंपनी बुडाली म्हणून तो मिळत नाही. या गैरसमजात अनेक घरं असतात.

६. परदेशी नोकरीसाठी मुलाखतीआधीच पैसे मागणाऱ्या एजंटापासून दूर राहा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जागा आहे का, ते आधी पाहा.

७. घरच्यांसाठी: वैमानिक आपली उदासी सहसा बोलून दाखवत नाहीत. वैद्यकीय तपासणीत अडचण येईल ही भीती असते. झोप उडाली, बोलणं बंद झालं, तर वाट पाहू नका. माणसाशी बोला आणि चांगल्या डॉक्टरांकडे न्या.

मुलांना या वाटेला पाठवणाऱ्या पालकांसाठी

मी नको म्हणणार नाही. दादा आजही ढगांबद्दल बोलायला लागला की त्याचा चेहरा बदलतो. पण तीन विनंत्या आहेत. कर्ज काढण्याआधी मुलाची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. राहत्या घरावर सगळा बोजा टाकू नका, कारण परवाना आणि पहिली नोकरी यांमध्ये वर्षं जाऊ शकतात. आणि जमेल तसं, बाहेरून का होईना, पदवी पूर्ण करू द्या. जमिनीवरच्या ज्या वाटा वर सांगितल्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पदवी विचारतात.

मंडळाच्या सभासदांत विमान क्षेत्रातली माणसं आहेत, विमान कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी आहेत, बँकेतली आणि वकील मंडळीही आहेत. एखाद्या घरात असा प्रसंग आला तर एका रविवारी ही चार माणसं एकत्र बसली तरी त्या घराचे दोन-तीन महिने वाचतील. तक्ता करायला मी येईन. मुलांच्या दहावीसाठी कॉलम आता पहिल्यापासून ठेवतो.